उषाबाईचा खोटा नवस

उषाबाई खोटं बोलते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तरीही ती बोलायला लागली की लोक हातातलं काम थांबवून ऐकतात, कारण तिचं खोटं ऐकायला बरं वाटतं. त्यात कुणाचं नुकसान नसतं आणि तिचा फायदाही नसतो. एकदा मी तापाने आठवडाभर घरात पडून होतो. लोकांनी चौकशी केली तेव्हा तिने सांगितलं, रखमाजी काशीला गेलेत. बरा होऊन मी दुकानाची फळी काढली, तर दोघे-तिघे येऊन माझ्या पाया पडले आणि एकाने गंगेचं पाणी मागितलं. नाही म्हणायला मला सुचलं नाही. मी माठातलं दिलं. त्याने ते अजून देव्हाऱ्यात ठेवलं आहे.

मी शिंपी. आयुष्यभर कपडे शिवले, लिहिलं काहीच नाही, माप लिहिलं तेवढंच. शिवण चुकली तर उसवता येते, लिहिलेलं उसवतात कसं ते मला ठाऊक नाही. म्हणून आधी उषाबाईला विचारलं, हे लिहू का. ती म्हणाली, "लिहा की, भावजी. नावं तेवढी बदला. अन् मला जरा उंच करा." नावं बदलली आहेत. उंचीचं मला जमलं नाही, शिंप्याला खोटं माप टाकता येत नाही.

ती कुंभार पिंपळगावात लग्न होऊन आली ती पुंजारामची बायको म्हणून. पुंजाराम माझा मित्र, तो जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा कल्याण जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आहे, शनिवारी सुट्टीला घरी येतो. त्याची बायको मीना. मीनाची आई लहानपणीच गेली, त्यामुळे बाळंतपणाला जायला तिला माहेर असं नव्हतं. सासू जितकी बोलकी तितकी ही गप्प. पण विचारलं तर खरं तेच सांगणार. उषाबाई म्हणायची, "माझ्या घरात असली सून कुठून आली, देवच जाणे. हिला साधं 'दूध नासलं' म्हणायबी येत न्हाई."

मीनाला दिवस गेले, तिसरा महिना लागला. सरकारी दवाखान्यात सगळ्याच गरोदर बायांचं रक्त तपासतात, तसं तिचंही तपासलं. दोन दिवसांनी उषाबाई संध्याकाळी दुकानात आली आणि पाटावर बसली.

"भावजी, मीनाला एचआयव्ही निघालाय. कल्याणलाबी."

मी कात्री चालवतच राहिलो. मला वाटलं, आता पुढे काहीतरी गंमत येईल.

"ऐकून राह्यलात का?"

"हं."

"ह्या वेळेला खरं हाय."

मी वर बघितलं. उषाबाई खोटं सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. आत्ता ती मशीनच्या चाकाकडे बघत होती. मी कात्री खाली ठेवली.

"मला काहून सांगितलं?" मी विचारलं.

"कोणाला तरी सांगावं लागतंय, न्हाई तर माझं पोट फुटंल. अन् तुम्हाला सांगितलं काय, भिंतीला सांगितलं काय, सारखंच."

हे खरंच होतं, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

दवाखान्यात समजावून सांगायला सुरेखाताई म्हणून एक बाई आहेत. उषाबाईने त्यांना पहिलं विचारलं होतं, कोणाकडून कोणाला आलं. त्या म्हणाल्या, "मावशी, त्याचा शोध लावून बाळाला काय मिळणार?" मग तिने विचारणं सोडून दिलं. "पण कल्याणला घरी आल्यावर एक थोबाडीत दिली," ती म्हणाली, "अंदाजानं."

बाळाबद्दल सुरेखाताईंनी जे सांगितलं ते मात्र तिने एक शब्दही न बदलता मला सांगितलं. तिच्या तोंडून न बदललेली गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. औषध घेतलं नाही तर अशा आयांच्या तीन लेकरांतल्या एकाला तरी हा आजार लागू शकतो. पोटात असताना, बाळंत होताना किंवा दुधातून. आणि लागला, पण उपचार मिळाला नाही, तर त्यातली निम्मी लेकरं दोन वर्षांची होत नाहीत. पण आईने रोज गोळी घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला थेंब पाजले, तर शंभरातली फार तर दोन-चार सापडतात, बाकी सगळी सुटतात.

"मंग आपलं सुटणाऱ्यात," मी म्हणालो.

"ते आता ठरवायचंय, भावजी. मीना गोळी घेईल. तिचं मला भ्या न्हाई. मला गल्लीचं भ्या हाय."

गल्लीचं भय काय असतं ते पुढे कळलं. मीना रोज रात्री मालिका संपली की गोळी घ्यायची. टीव्हीवर शेवटचं गाणं लागलं की उषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात मीना बाळंत झाली. मुलगी. बाळाला जन्मताच थेंब सुरू झाले. आणि मग सुरेखाताईंनी दुधाचं सांगितलं. वरचं दूध द्यायचं तर स्वच्छ पाणी, उकळलेली बाटली, रोजचा खर्च. ते झेपणार नसेल तर नुसतं आईचं द्या. पण नुसतं म्हणजे नुसतं. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, मध नाही, घुटी नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्याचं अस्तर कोवळं असतं. वरचं काही गेलं की ते सोलवटतं आणि आजाराला आत शिरायला वाट मिळते. दोन्ही मिळून देणं सगळ्यांत वाईट.

घुटी नाही, हे ऐकून उषाबाई घाबरली. कारण आमच्या गल्लीत द्वारकाबाई आहे.

द्वारकाबाईचं घर उषाबाईच्या समोर. वय सत्तरीच्या पुढे. तिची सहाण आणि तिचा घुटीचा डबा सगळ्या गावात प्रसिद्ध. हळकुंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरडशेंग, वेखंड, एकेकाचे किती वळसे द्यायचे ते लेकराच्या पोटाला हात लावून ठरवते. गल्लीतल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाच्या जिभेवरून तिचं बोट फिरलेलं आहे. माझ्या वेळेला ती या गावात नव्हती, आणि म्हणूनच मी बोलत नाही असं ती मला तोंडावर सांगते. ती काहीही तोंडावर सांगते. खोटं बोलणं तिला माहीत नाही. एका नवरीला तिने भर मांडवात सांगितलं होतं की ब्लाऊज काखेत चुकलाय. तो मी शिवला होता, आणि चुकला होता.

पाचवीच्या दिवशी बाया जमल्या. मी बाळाचं झबलं द्यायला गेलो होतो, दारातच उभा राहिलो. चहा फिरत होता. द्वारकाबाई वाटी घेऊन आली आणि बाळापाशी बसली.

"सरक, मीना. उघड तिचं तोंड."

"आक्का, हात लावू नका," उषाबाई म्हणाली. "नवस हाय."

"कसला नवस?"

"अंबडच्या देवीला बोलल्ते. लेकरू सुखरूप झालं तर सहा महिने आईच्या दुधाबिगर त्याच्या तोंडात काही जाऊ देणार न्हाई."

"असला नवस मी कधी ऐकला न्हाई."

"मीबी ऐकला न्हवता, आक्का. सपनात आला."

उषाबाई द्वारकाबाईच्या थेट डोळ्यांत बघत होती. बायांनी एकमेकींकडे बघितलं. देवीचं नाव आलं म्हणून कुणी हसलं नाही. द्वारकाबाईने वाटी खाली ठेवली आणि थोडा विचार केला.

"बोलणारानंबी काहीतरी सोडावं लागतंय. त्याबिगर नवस लागत न्हाई. तू काय सोडलंस?"

एवढा पुढचा विचार उषाबाईने केला नव्हता. ती इकडे तिकडे बघायला लागली. चुलीवर आधण उकळत होतं.

"चहा," ती म्हणाली.

सगळ्या बाया तिच्या हाताकडे बघायला लागल्या. हातात अर्धी बशी होती.

"मंग हे काय?" द्वारकाबाई म्हणाली.

"पाचवीपासून सोडायचाय. हा शेवटचा."

द्वारकाबाईने बशी तिच्या हातातून काढून घेतली. "पाचवी लागली की सकाळीच," ती म्हणाली, आणि तो चहा स्वतः पिऊन टाकला.

उषाबाईला ओळखणाऱ्याला हे प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल. सकाळी तोंड धुवायच्या आधी एक, धुतल्यावर एक, आणि मग दिवसभर ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी. चहा नसेल त्या घरी ती बसत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मागच्या दाराची कडी वाजली.

"भावजी, गॅस हाय का तुमच्याकडं?"

"हाय की."

"अन् पत्ती?"

तेव्हापासून ती रोज मागच्या दाराने यायची, उभ्या उभ्या चहा प्यायची, तोंड पुसायची आणि पुढच्या गल्लीला वळसा घालून घरी जायची. चूळ भरायला विसरायची नाही. समोर द्वारकाबाई तोंडाचा वास घ्यायलाही कमी करणार नव्हती. द्वारकाबाईला थेंबांची बाटलीही दिसली होती.

"आईच्या दुधाबिगर काही न्हाई म्हणलीस, अन् हे काय पाजून राह्यली?"

"ते दवाखान्याचं हाय, आक्का. ते नवसाच्या आधी ठरलं होतं."

आता एक विधवा बाई एका विधुराच्या घरी रोज मागच्या दाराने येते म्हटल्यावर गल्ली काय समजायचं ते समजली. त्यात कल्याणला रजा मिळाली नाही म्हणून एकदा मी मीनाला आणि उषाबाईला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेलो. परत येताना अंबडच्या स्टँडवर आम्हाला कुणीतरी एका बाकावर बसलेलं बघितलं. मीना तेव्हा बाळाला घेऊन आत सावलीत होती. तेवढं पुरलं. दोन दिवसांनी द्वारकाबाई दुकानात आली.

"रखमाजी, ह्या वयात?"

मी खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागलो.

"बराबर," ती म्हणाली आणि गेली. माझं गप्प राहणं तिने कबुली धरलं.

मी हे उषाबाईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला.

"बोलू द्या, भावजी. लोकांला चघळायला काहीतरी लागतंय. आपलं दोघांचं चघळून राह्यलेत तवर मीनाच्या फायलीकडं कोणी बघत न्हाई. जालन्याला काहून जाता म्हणून एकीनंबी इचारलं न्हाई ह्या वेळी."

"पण माझी अब्रू?"

"तुमची अब्रू कोणी वापरलीय? नवीच्या नवी पडून हाय. जराशी काढली वापरायला तर काय झालं?"



मग बाजाराचा दिवस आला. उषाबाई भाजी आणायला गेली होती. मी मशीनवर होतो. बघतो तर द्वारकाबाई पदराखाली वाटी धरून उषाबाईच्या दारातून आत शिरत होती. काहीतरी करायला हवं होतं. ओरडणं माझ्याच्याने होत नाही. मी हाताला लागलं ते झबलं उचललं आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. त्यापुढे काय करायचं ते सुचेना. आतून आवाज येत होते.

"आक्का, नका ना."

"गप बस. त्या उषीच्या सपनापायी लेकराला अशी कोरडी ठेवू का? पोट बघ किती फुगलंय. आण इकडं."

"आक्का, नवस न्हाई कसलाच. मला एचआयव्ही हाय."

मी झबलं घट्ट धरलं. मग द्वारकाबाईचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा खाली होता.

"औषध चालू हाय?"

"रोज घेते. हिलाबी थेंब चालू हायेत."

"अन् घुटीनं काय होतंय?"

"दुधासंगं वरचं काही गेलं तर हिला लागू शकतंय म्हणले."

"मंग सासूनं सरळ सांगायचं ना मला."

"त्यांला भीती वाटली. अन् रखमाजींच्या घरी त्या चहा प्यायला जातेत, बाकी काही न्हाई." विचारलं नव्हतं तेही मीनाने सांगून टाकलं. एकदा सुरू झाली की तिला थांबता येत नाही.

द्वारकाबाई बाहेर आली. वाटी भरलेलीच होती. ती तिने नालीत ओतली आणि पायरीवर बसली. मला तिने बघितलं होतं.

"तुम्हालाबी माहीत हाय."

मी मान हलवली.

"मला वाटलं तुमचं दोघांचं काही हाय. तर चहा निघाला." ती जरा हिरमुसली होती. मग म्हणाली, "माझ्या भावाची सून अशीच गेली, अंबडला. लोकांला कावीळ सांगितली. तिच्या मागं लेकरू मी हितं आणलं, ते वर्षाचं झालं न्हाई. रोज घुटी उगाळून द्यायचे मी त्याला, चांगली दाट."

"तवा गोळ्याच कुठं होत्या, आक्का," मी म्हणालो. "घुटी दिली नसती तरी लेकरू वाचलंच असतं असं न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्याशी इतकं लांब वाक्य मी कधी बोललो नव्हतो.

"उषीला सांगू नका, मला कळलंय म्हणून," उठताना ती म्हणाली. "नवसाची राखण आता मी करते. तिच्या खोट्यावर कोणाचा इस्वास हाय? अन् मलाबी जरा तिची गंमत बघू द्या."

तेव्हापासून द्वारकाबाई त्या बाळाची पहारेकरीण झाली. कुणी मधाचं बोट घेऊन आलं तर ही ओट्यावरूनच विचारायची, "हातात काय हाय?" ती खोटं बोलली नाही. नवस खरा आहे असं एकदाही म्हणाली नाही. "त्या लेकराच्या तोंडात काही घालाल तर माझ्याशी गाठ हाय," एवढंच म्हणायची. पण तिने स्वतः घुटी थांबवली म्हटल्यावर लोकांनी नवस खरा धरला. उषाबाईला वाटलं, आपल्या खोट्याने द्वारकाबाईला जिंकलं. ती माझ्याकडे येऊन फुशारकी मारायची. "आक्कासारखी आक्का गप केली, भावजी. देवीचं नावच तसं काढलं मी." मी मान हलवायचो.

आणि संध्याकाळी द्वारकाबाई ओट्यावर शेगडी आणायची. आलं ठेचून, गवती चहा टाकून चहा करायची. वास गल्लीच्या टोकाला जायचा. सगळ्या बायांना बोलवायची. मग कपबशी हातात घेऊन, "उषे, तुला न्हाई देत हं, तुझा नवस हाय," असं म्हणून मोठ्याने फुरका मारायची. उषाबाई समोर बसून शेंगा सोलायची. शेंगेतले दाणे टोपलीत आणि टरफलं पातेल्यात टाकायची.

"जराशी इलायचीबी टाका, आक्का," एकदा ती दातओठ खात म्हणाली.

"टाकली की. तुला वास आला न्हाई?"

पोरगी मात्र गुटगुटीत झाली. घुटी नाही, मध नाही, तरी मांड्यांना वळ्या. ते बघून गल्लीतल्या आणखी दोन बाळंतिणींनी अंबडच्या देवीला तोच नवस बोलला. त्यांच्या सासवांनी काय काय सोडलं ते मला सांगता येणार नाही. एकीने तंबाखू सोडली होती, ती माझ्याकडे मागच्या दाराने यायची परवानगी मागायला आली. मी नाही म्हणालो. तेवढं मला त्या वेळी जमलं.

सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका कागदावर घेतले. तो कागद दूर कुठेतरी तपासायला गेला. उत्तर यायला वेळ लागतो म्हणाले. रक्त देऊन आल्या दिवशी दुपारी उषाबाई मागच्या दाराने आली. मी चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, बघितला आणि खाली ठेवला.

"नको."

"गोड कमी झाला का?"

"न्हाई. नकोच."

"पण नवस तर खोटा हाय ना?"

"खोटा हाय ते मला माहीत हाय, भावजी. देवीला कोणी सांगितलंय?"

कप तसाच गार झाला. ती नंतर आलीच नाही. गल्लीने आमचं तुटलं असं ठरवलं आणि दोन-तीन जण माझं सांत्वन करून गेले.

पाच-सहा दिवसांनी द्वारकाबाईने मला हाक मारली. "येती का अजून चहाला?"

"न्हाई. खरंच सोडलाय तिनं."

"खोटं."

"खरं हाय, आक्का."

तिने त्या दिवशी शेगडी बाहेर आणली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायांनी विचारलं तर म्हणाली, "उन्हाळा लागलाय." थंडीचे दिवस होते, पण ती म्हणाली म्हणजे लागला असेल, असं म्हणून बाया घरी गेल्या. आता विचार केला तर वाटतं, तिचं खरं बोलणं तेव्हाच सुटायला लागलं होतं.

कागदाचं उत्तर चांगलं आलं. पण दूध चालू होतं तोवर भीती चालू होती. सहा महिने झाले तेव्हा उष्टावण केलं. खिरीचं पहिलं बोट द्वारकाबाईनेच लावलं, आणि मग आत जाऊन उषाबाईसाठी चहा करून आणला. उषाबाईने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "साखर कमी हाय, आक्का." द्वारकाबाई म्हणाली, "लायकीपरमाणं टाकली."

मग पोरगी वर्षाची झाली तेव्हा मीनाने दूध तोडलं. ती धरून धरून चालायला लागली, मग हात सोडून. दीड वर्षाची झाली की शेवटची तपासणी, आणि त्यात जे येईल ते पक्कं, असं सुरेखाताईंनी सांगून ठेवलं होतं. जसजसा तो दिवस जवळ आला तसतसं उषाबाईचं खोटं कमी झालं. आठवडाभर तर तिने एकही गोष्ट सांगितली नाही. गल्ली सुनी वाटायला लागली. लोक मला विचारायचे, "उषाबाई आजारी हाय का?"

त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. कल्याण कारखान्यातून परस्पर दवाखान्यात आला होता. रक्त घेतलं, बाहेर बसवलं. कल्याण मुलीला कडेवर घेऊन फिरत होता. मीना भिंतीकडे तोंड करून बसली होती. उषाबाईने माझी बाही धरली होती, आणि ती मीच शिवलेली असल्याने टिकली. सुरेखाताईंनी आत बोलवलं.

"मावशी, निगेटिव्ह आहे. तुमची नात सुटली."

"पुन्हा सांगा."

"सुटली, मावशी. तिला आजार नाही."

"तुम्ही माझ्यासारख्या तर न्हाई ना?" उषाबाईने विचारलं. सुरेखाताईंना ते कळलं नाही. मीना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कल्याणने मुलीचं डोकं हुंगलं आणि तो तसाच कामावर गेला, पाळी चुकवता येत नव्हती.

येताना उषाबाईने अंबडला उतरून पेढे घेतले. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, घरी जाऊन सांगायला मनात काहीतरी मोठं जुळवते आहे.

गल्लीत शिरलो तेव्हा संध्याकाळ होती. बाया ओट्यांवर होत्या. पेढ्यांचा पुडा सगळ्यांनी लांबूनच बघितला. मीनाच्या हातात दवाखान्याची पिशवी होती, तीही बघितली.

"कशाचे पेढे, उषाबाई?"

उषाबाईने तोंड उघडलं. आम्ही वाट बघितली. तिने बंद केलं, पुन्हा उघडलं. जिने मला घरात बसल्या जागी काशीला पाठवलं होतं तिला एक साधं कारण सापडेना. डोळे भरून आले ते वेगळंच.

"अगं, कशाचे? जालन्याहून आलात ना? दवाखान्यात गेल्ते का?" एकीने पिशवीकडे बघत विचारलं.

मी मीनाकडे बघितलं. तिला विचारलं असतं तर तिने सांगून टाकलं असतं.

"कल्याणला मुकादम केलंय कारखान्यात," द्वारकाबाई समोरच्या ओट्यावरून म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता. "साठ माणसं हायेत हाताखाली."

आणि सगळ्यांनी लगेच मानलं, कारण द्वारकाबाई खोटं बोलत नाही. बाया पेढे घ्यायला पुढे आल्या. कुणी म्हणालं, पोरगं पहिल्यापासून हुशार. कुणी म्हणालं, पोरीचा पायगुण. उषाबाई पुडा हातात धरून द्वारकाबाईकडे बघत राहिली. मग तिला सगळं कळलं.

"कधीपासून माहीत हाय, आक्का?" ती जवळ जाऊन हळूच म्हणाली.

"पेढा दे आधी."

"त्या शेगडीच्या आधी का नंतर?"

"दोन दे," द्वारकाबाई म्हणाली.

शनिवारी कल्याण घरी आला तर लोकांनी स्टँडवरच त्याला गाठलं, टोपी-उपरणं घातलं. तो गोंधळून आईकडे बघायला लागला. आईची वाचा तोवर परत आली होती. साठ माणसांची तिने शंभर केली होती आणि कंपनीकडून मोटारसायकल कबूल करून घेतली होती. कल्याण अजूनही भट्टीवरच काम करतो. गावात त्याला मुकादम म्हणतात. लग्नाच्या पंगतीत त्याला पहिल्या ओळीत बसवतात, आणि तो बसतो. तो आणि मीना रोज गोळी घेतात, टीव्हीवरचं शेवटचं गाणं लागलं की. मुलगी सगळ्या गल्लीत पळत असते, आणि कुणाच्या घरी काय शिजलं ते दुसऱ्या घरी जाऊन सांगते.

द्वारकाबाईला मात्र पेढ्यांच्या त्या रात्री झोप लागली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने खोटं बोलल्याबद्दल उपास धरला. उषाबाई तिला बघायला गेली, मीही मागे होतो. द्वारकाबाई खाटेवर आडवी पडली होती, डोक्याला फडकं बांधलेलं.

"जीव कसा खालीवर होऊन राह्यला, उषे. साठ माणसं काहून म्हणले मी? कुठून आली ती?"

उषाबाई खाटेच्या कडेला बसली आणि तिचे पाय दाबायला लागली.

"पहिलं जड जातंय, आक्का," ती म्हणाली. "मंग सवय होते."